योजना तीनशेची, वेग मात्र नव्वदीतच

फोंडा तालुक्यातील एका गावातून एक निवृत्त शिक्षक लिहितात : "आमचे घर जुने, चिऱ्यांचे, मध्ये राजांगण असलेले आहे. मुलगा पुण्यातल्या एका कंपनीचे काम घरूनच करतो आणि सून दहावीच्या मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या घेते. दोघांच्या तक्रारी वाढल्या म्हणून आम्ही इंटरनेटची १०० एमबीपीएसची योजना सोडून ३०० ची घेतली. पैसे वाढले, फरक मात्र जाणवत नाही. वसरीवर फोनवर वेग मोजला की पूर्वी ९३-९४ यायचा, आजही तेवढाच येतो. मागच्या खोलीत, जिथे मुलगा कामाला बसतो, तिथे तो १२ ते १५ वर उतरतो. संध्याकाळी सुनेची शिकवणी मध्येच अडकते. इंटरनेट कंपनीने बसवलेल्या डब्याचे (मोडेमचे) वायफाय कमकुवत, म्हणून काही वर्षांपूर्वी चांगल्यातला राउटर घेऊन आम्ही तो डब्याला वायरने जोडला आहे. मुलाचे म्हणणे, आपल्याला फसवले आहे, इंटरनेट कंपनी बदलू. अडचण अशी की आमच्या वाड्यावर जोडण्या देणारा मुलगा माझाच विद्यार्थी. त्याच्यावर आळ कसा घ्यावा? मुलगा ऐकवतो, 'बाबा, भीड भिकेची बहीण.' आम्ही जुन्या योजनेवर परत जावे, कंपनी बदलावी, की आणखी महागडा राउटर घ्यावा?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सर्वांत उपयोगाची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेला आहात, आणि ती म्हणजे ९३-९४ हा आकडा. योजना तिप्पट झाली तरी तो जागचा हलला नाही. लाइनवर गर्दी असेल किंवा फायबरमध्ये बिघाड असेल, तर वेग खाली-वर होत राहतो. सकाळी एक, रात्री दुसरा, पावसात तिसराच. एकाच जागी खिळलेला आणि शंभराच्या किंचित खाली थांबणारा आकडा दिसला, की वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसपर्यंतच चालणारे पोर्ट किंवा तेवढेच पेलणारी वायर आहे, असा संशय प्रथम घ्यावा. शंभराच्या पोर्टमधून पूर्ण १०० कधीच हाती येत नाहीत, कारण माहितीच्या प्रत्येक तुकड्याबरोबर पत्त्याचे आणि तपासणीचे आकडेही जात असतात. ते वजा केल्यावर चाचणीत जे उरते ते साधारण ९४. तुमचा आकडा तोच आहे.

आता या संशयाला धरून तुमच्या वसरीवरच्या राउटरकडे वळू. तुम्ही त्याला 'चांगल्यातला' म्हटले आहे आणि घेताना तो तसाच वाटला असणार, कारण अशा राउटरच्या खोक्यावर १२०० सारखा मोठा आकडा छापलेला असतो. तो आकडा वायफायच्या दोन पट्ट्यांवरील कागदोपत्री वेगांची बेरीज असते. २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ मिळून ११६७ होतात, त्याचेच पुढे १२०० केले जातात. परंतु याच किमतीच्या पुष्कळ राउटरना मागे वायर लावण्यासाठी जी पोर्टे असतात ती १०० एमबीपीएसचीच असतात. म्हणजे हवेत १२०० चा दावा करणाऱ्या यंत्राला मागून इंटरनेट मिळते ते जास्तीत जास्त शंभराच्या वेगाने. तुमची योजना १०० ची होती तोवर ही उणीव झाकलेली राहिली. योजना वाढवली आणि ती आडवी आली. राउटरच्या तळावरचा मॉडेल क्रमांक पाहून राउटर बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्याची माहिती काढावी. पोर्टांपुढे '१०/१००' एवढेच लिहिले असेल तर दोष सापडला; '१०/१००/१०००' असेल तर राउटर निर्दोष आहे आणि पुढे बघायचे आहे.

पुढे म्हणजे वायरीकडे. डबा आणि राउटर यांना जोडणारी जी लॅन केबल आहे, तिचे एक टोक काढून खिडकीपाशी उजेडात धरा. पारदर्शक प्लास्टिकच्या क्लिपमध्ये आठ रंगीत तारा ओळीने बसलेल्या दिसायला हव्यात आणि आठही तारा पुढच्या टोकापर्यंत पोचलेल्या असाव्यात. शंभरच्या वेगाला यांपैकी चारच तारा पुरतात, हजारच्या वेगाला आठही लागतात. त्यामुळे उरलेल्या चारांपैकी एक तार जरी तुटली किंवा सैल झाली, तरी दोन्ही यंत्रे न बोलता शंभरवर उतरतात; इंटरनेट बंद पडत नाही, म्हणून कोणाला कळतही नाही. आपल्याकडच्या दमट, खारट हवेत या क्लिपच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट डाग धरतात, आणि कौलारू घरात माळ्यावरून नेलेली वायर उंदरांच्या दातांतून सुटली असेलच असे नाही. केबलवर 'कॅट ५ ई' किंवा 'कॅट ६' असे छापलेले असते. यांपैकी कोणतीही घरातल्या अंतराला पुरते. त्याहून भारी घेण्याची गरज नाही.

यानंतर एकच चाचणी अशी आहे की जी कंपनी, विद्यार्थी आणि तुमचे घर यांच्यातला निवाडा करते. मुलाचा लॅपटॉप वायरने थेट कंपनीच्या डब्याला जोडायचा, तुमचा राउटर मध्ये घ्यायचा नाही, घरातले बाकीचे फोन आणि टीव्ही तेवढ्यापुरते वायफायवरून काढायचे, आणि मग वेग मोजायचा. दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. स्थानिक जोडण्यांवर बसवल्या जाणाऱ्या अनेक डब्यांमध्ये एकच पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे असते आणि उरलेली शंभरची, तेव्हा वायर योग्य भोकात आहे ना, हे डब्यावरच्या अक्षरांवरून किंवा जोडणीवाल्याला विचारून ठरवावे. दुसरे असे की हल्लीच्या पातळ लॅपटॉपना लॅनचे पोर्टच नसते. त्यासाठी जो यूएसबी अडॅप्टर वापरतात तोही गिगाबिट हवा, नाहीतर पुन्हा तोच ९४ चा आकडा दिसेल आणि निष्कर्ष चुकेल. विंडोजमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'लिंक स्पीड' दिसतो. तिथे १००० असेल तरच पुढची चाचणी खरी मानावी.

या चाचणीत २५० च्या पुढे आकडा आला, तर तुमच्या विद्यार्थ्याने आणि कंपनीने ठरलेले दिले आहे. अडथळा डब्याच्या अलीकडे, तुमच्या घरात आहे. लिंक स्पीड १००० दाखवत असूनही वेग शंभराच्या आसपासच राहिला, तर योजना कागदावर बदलली आणि त्यांच्या यंत्रणेत बदललीच नाही, अशी शक्यता मोठी आहे. नवा वेग बहुधा पुन्हा लॉगिन झाल्यावरच लागू होतो, म्हणून डबा पाच मिनिटे बंद ठेवून सुरू करावा. तेवढ्याने भागले नाही तर मात्र ते त्यांनीच दुरुस्त करायचे काम आहे. जाता जाता कंपनीच्या ॲपमध्ये महिन्याचा डेटा किती संपला हेही पाहून ठेवावे, कारण 'अमर्याद' म्हणवणाऱ्या योजनांनाही बहुधा ३३०० जीबीसारखी मर्यादा असते आणि ती ओलांडली की वेग उतरतो. तुमच्या घरच्या वापरात ती ओलांडली जाण्याची शक्यता कमी आहे.

राउटर बदलला, वायर बदलली, वसरीवर २८० दिसू लागले, असे धरून चाला. तरीही मागच्या खोलीत फारसा फरक पडणार नाही, आणि हे आताच स्पष्ट सांगितलेले बरे. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र झाल्या आहेत. वसरीवरचे ९४ हा पोर्टाचा किंवा वायरीचा प्रश्न आहे. मागच्या खोलीतले १२ ते १५ हा भिंतींचा आहे. जुन्या घरांच्या चिऱ्यांच्या भिंती दीड-दीड फूट जाड असतात, आणि वसरी, माजघर, मागची पडवी अशा तीन-चार भिंती ओलांडून लहरींना जावे लागते. वायफायची ५ गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान असली तरी अशा एका भिंतीतच तिचा बराच जोर जातो. मग फोन किंवा लॅपटॉप आपोआप २.४ च्या पट्टीवर येतो. ती भिंती जास्त ओलांडते, पण मुळात हळू आहे आणि शेजारच्या राउटरपासून मायक्रोवेव्हपर्यंत सगळ्यांची तिच्यावर गर्दी असते. जांभा दगड सच्छिद्र आहे, पावसाळ्यात पाणी शोषून घेतो, आणि ओल्या भिंतीत लहरी कोरड्या भिंतीपेक्षा अधिक विरतात. त्यामुळे जून ते सप्टेंबरात मागच्या खोलीतली तक्रार वाढत असेल, तर त्याचे खापर नेहमी लाइनवर फोडू नये.

या दुखण्यावर बाजारात दोन उपाय सुचवले जातात. एक म्हणजे वाटेत लावायचा रिपीटर आणि दुसरा म्हणजे मेश राउटरची, म्हणजे एकमेकांशी जोडून एकच वायफाय देणाऱ्या राउटरची जोडी. साधा रिपीटर आलेले तेच हवेतून पुन्हा पाठवतो, त्यात वेग निम्म्यावर येतो. शिवाय जिथे सिग्नल मुळात क्षीण आहे तिथे तो बसवला तर क्षीणच पुढे देतो. मेशचे बिनतारी संच सिमेंटच्या पातळ भिंतींच्या फ्लॅटमध्ये चांगले चालतात, पण चिऱ्याच्या भिंतीआडून एकमेकांशी बोलताना तेही अडखळतात. माझे मत विचाराल तर तुमच्या घराला एकच खात्रीचा उपाय आहे. वसरीवरून मागच्या खोलीपर्यंत एक लॅन केबल ओढायची आणि तिथे दुसरा, साधा पण गिगाबिट पोर्टांचा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' म्हणून, म्हणजे वायरने आलेले इंटरनेट तिथे वायफायवर देण्यासाठी लावायचा. केबल भिंत फोडून न्यावी लागत नाही. विजेच्या तारांपासून थोडे अंतर ठेवून वाशांच्या कडेने, झरोक्यातून नेता येते. मुलाचा लॅपटॉप तर तिथेच वायरने जोडून टाकावा. दिवसभर एका जागी बसून करायच्या कामाला वायफाय लागत नाही.

केबल ओढणे सध्या शक्य नसेल, तर तुमच्या घरातच एक सोय आहे. राजांगण. उघड्या हवेत ५ गिगाहर्ट्झला कोणी अडवत नाही. राउटर वसरीच्या कोपऱ्यात किंवा टीव्हीच्या मागे न ठेवता राजांगणाभोवतीच्या सोप्यात, पावसाचे शिंतोडे येणार नाहीत अशा उंचीवर ठेवा, म्हणजे पलीकडच्या खोल्यांच्या दारा-खिडक्यांमधून लहरी आत शिरतील. चौकाभोवती खोल्या असलेल्या घरांत हा बदल फुकटात होतो आणि पुष्कळदा तेवढ्याने काम भागते. देवघराशेजारच्या कपाटात किंवा फडताळाच्या दाराआड राउटर ठेवलेला असेल तर तो आजच बाहेर काढा. हलवताना डब्यात शिरणारी पिवळी किंवा पांढरी फायबरची बारीक दोरी मात्र घट्ट वळवू नका आणि खिळ्याला गुंडाळू नका. ती काचेची आहे. तीव्र वळणावर तिच्यातला प्रकाश बाहेर निसटतो. डब्यावर 'लॉस' अक्षरांचा लाल दिवा लागला किंवा अधूनमधून जोडणी तुटू लागली, तर येणाऱ्या प्रकाशाची पातळी मोजायला सांगावे. ती डीबीएम या एककात सांगतात; उणे २० डीबीएमच्या आसपासचा आकडा ठीक असतो. उणे २७ च्या जवळ किंवा त्याहून खाली गेलेला आकडा म्हणजे दुरुस्तीचे काम, आणि ते जोडणी देणाऱ्याचे.

सूनबाईंच्या शिकवणीचा प्रश्न याहून वेगळा आहे, कारण ती संध्याकाळी अडकते. त्याची दोन कारणे संभवतात. फायबरची एकच वाट बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटलेली असते आणि रात्री आठ-नऊ वाजता सगळी घरे एकदम जागी असतात. शिवाय जोडणी देणाऱ्याने वरून घेतलेली क्षमताच अपुरी असेल तर त्या वेळी सगळ्यांचाच वेग उतरतो. वायरने डब्याला जोडून सकाळी आणि रात्री नऊ वाजता, असे काही दिवस मोजावे. सकाळी २८० आणि रात्री सातत्याने ६० येत असतील, तर कोणताही राउटर त्यावर उपाय करू शकणार नाही आणि तिथे तुमची तक्रार पूर्णपणे न्याय्य आहे. दुसरे कारण घरातलेच असू शकते. घरातल्या एखाद्या फोनवरून दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ आपोआप वर चढत असतात, आणि पाठवण्याची बाजू अशी भरून गेली की समोरच्या मुलांना शिक्षिकेचा आवाज तुटक ऐकू येतो. चतुर्थीत घर पाहुण्यांनी भरते तेव्हा हे विशेष जाणवते. फोटोंचा बॅकअप रात्री उशिरावर टाकावा, आणि चाचणीत फक्त डाउनलोडचा मोठा आकडा न पाहता अपलोडचाही पाहावा.

यावरून एक मूळ गृहीतक तपासून पाहण्यासारखे आहे. काम अडखळते म्हणजे योजना लहान आहे, असे आपण सगळेच धरून चालतो, आणि विकणारेही तेच सांगतात. प्रत्यक्षात स्पष्ट व्हिडिओ कॉलला चार एमबीपीएसच्या आसपास पुरतात, आणि नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या सूचनेनुसार एचडी चित्राला ५ आणि फोर-के चित्राला १५. मुलाचा कॉल, सुनेची शिकवणी आणि वसरीवरचा टीव्ही एकाच वेळी चालले, तरी तुमची गरज पन्नासच्या आत बसते. मुलगा कार्यालयाच्या व्हीपीएनमधून (कार्यालयाच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या खासगी वाटेने) काम करत असेल, तर त्याचा वेग बऱ्याचदा तिकडच्या मर्यादेवर अवलंबून असतो आणि इकडची योजना कितीही मोठी असून त्याला उपयोग नसतो. फाइल उतरवताना दिसणारा आकडा मेगाबाइटमध्ये असतो, योजनेचा मेगाबिटमध्ये. आठने भागल्यावर ३०० चे साडेसदतीसच होतात. हा हिशोब माहीत नसल्यामुळे फसवणुकीचा संशय घेणारी पत्रे माझ्याकडे नेहमी येतात.

म्हणून तुमच्या तीन पर्यायांविषयी असे सांगेन. कंपनी बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. नवी कंपनीही फायबर वसरीपर्यंतच आणील आणि मागच्या भिंती त्याच राहतील. रात्रीचा वेग वायरीवरही पडतो हे तुमच्या नोंदींवरून सिद्ध झाले, तरच तो पर्याय खुला करा, आणि तेव्हाही शेजाऱ्यांच्या घरी नव्या कंपनीचा रात्रीचा वेग आधी पाहून घ्या. आणखी महागडा राउटर घेऊन वसरीवरच ठेवणे म्हणजे चुकीच्या जागी खर्च होईल. तेच पैसे केबल आणि दोन साध्या गिगाबिट राउटरवर घाला. आणि जुन्या योजनेवर परत जाण्यात कमीपणा मुळीच नाही. घरातली केबल ओढून झाली की आधी महिनाभर ३०० वर राहा, मग १०० वर येऊन पाहा. कोणाला फरक कळला नाही तर १०० च ठेवा. माझा अंदाज तोच आहे.

राहिला विद्यार्थी. त्याने खोटे बोलल्याचे तुमच्या पत्रात कुठेच दिसत नाही. योजना वाढवताना त्याने तुमचा राउटर पाहून 'सर, याचे पोर्ट शंभरचे आहे, हे आधी बदला' असे सांगायला हवे होते, असे मात्र मला मनापासून वाटते. योजना विकताना एवढे पाहणे हे प्रत्येक जोडणीवाल्याचे कर्तव्य मानले गेले पाहिजे. तरी त्याला घरी बोलवा, आळ घेण्यासाठी नव्हे तर डब्याला लॅपटॉप जोडून त्याच्यासमोर मोजण्यासाठी. मुलालाही सोबत बसवा. आकडा तिघांनी एकत्र पाहिला की कोणी कोणाला खोटे म्हणण्याचा प्रसंगच उरत नाही, आणि केबल ओढायला त्याच्याइतका योग्य माणूस तुम्हाला गावात दुसरा मिळणार नाही.

दोष डब्याच्या पलीकडे निघाला तर तक्रार त्याच्याकडे तोंडी करू नका, कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राकडे नोंदवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. सेवेची जबाबदारी परवानाधारक कंपनीची आहे, तो तिचा स्थानिक माणूस आहे. उलट क्रमांक पडलेल्या तक्रारी साचल्या की वरून क्षमता वाढवून घेणे त्यालाही सोपे जाते, हे त्याला मोकळेपणाने सांगा. तक्रारीत 'नेट हळू आहे' असे लिहू नका. तारीख, वेळ, वायरने डब्याला थेट जोडून मोजल्याचा उल्लेख, लिंक स्पीड १००० असल्याचा उल्लेख आणि सकाळ-रात्रीचे आकडे लिहा, चाचणीची छायाचित्रे जोडा. मुदतीत निवारण झाले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत विनामूल्य अपील करता येते आणि त्यावर ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही मदत मिळते. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगाकडे नेता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तुमच्या बाबतीत तिथवर जावे लागेल असे मला वाटत नाही, पण तुमच्यासारख्याच अडचणीत असलेल्या ज्या वाचकांचे आकडे वायरीवरही रोज रात्री कोसळतात, त्यांनी ही वाट ध्यानात ठेवावी आणि नोंदींची वही पहिल्या दिवसापासून सुरू करावी.